शाळेत झालेली जखम

(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे तो जातीचा दाखला, शिष्यवृत्ती किंवा गायरानाची जमीन यांपैकी कशावर तरी बोलणार, असे आपण गृहीत धरता. आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, ती कोणत्याही दाखल्यावर लिहिलेली नसते. शाळेत अपमान सोसलेल्या मुलाच्या मनाला होणारी जखम हा माझा विषय आहे. ती जखम ओळखणे आणि बरी करणे हे शाळा व सरकारी दवाखाना या दोघांचे मिळून कर्तव्य आहे, आपल्यावर केलेला उपकार नव्हे, एवढेच मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

परमपूज्य बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत असताना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत. शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. शिपाई नसला की तहान तशीच राही. १९०१ साली वडिलांना भेटण्यास निघालेल्या त्या मुलाला व त्याच्या बरोबरच्या भावंडांना वाटेत रात्रभर पाणी मिळाले नाही. हा प्रसंग त्यांनी तीन दशकांनंतर 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणात लिहून ठेवला. पुढे १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा कसा बदलला, हेसुद्धा त्यात आहे. हे लिहीपर्यंत ते कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळवून बॅरिस्टर झालेले होते. पदव्यांनी ती तहान पुसली नाही. मग ज्या मुलाजवळ अद्याप काहीच नाही, ते आपण "जाऊ दे, विसरून जा" म्हटल्याने विसरेल, असे आपण कशाच्या आधारावर मानतो?

गोणपाट आता गेले. परंतु "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" ही हाक भर वर्गात अजून ऐकू येते. उभ्या राहिलेल्या पाच-सहा मुलांकडे बाकीचे चाळीस डोळे कसे वळतात, ते त्या मुलांना विचारावे. नव्याने धम्म स्वीकारलेल्या घरातील मूल अभिमानाने "मी बौद्ध" असे सांगते, आणि लगेच "म्हणजे मूळचे कोण?" हा प्रश्न येतो. अशा मुलाचे पोट रोज सकाळी शाळेच्या वेळेलाच दुखू लागते. रविवारी दुखत नाही. ते शाळेत पाणी पीत नाही, रात्री दचकून उठते, धाकट्या भावावर हात टाकते. प्रगतिपुस्तकावर मात्र "अभ्यासात लक्ष नाही" एवढाच शेरा असतो, आणि तो वाचून आपणही त्यालाच रागावतो.

डॉक्टर मंडळी याला मनावरील आघात म्हणतात. १९९८ साली अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी, डॉ. रॉबर्ट अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेनऊ हजार प्रौढ माणसांच्या बालपणाची माहिती घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी सोसलेल्या आघातांचे प्रकार जितके अधिक, तितके मोठेपणी नैराश्य, व्यसने आणि हृदयविकारसुद्धा अधिक, असे त्यांना दिसून आले. या अभ्यासाचे मोल मोठे आहे. तरीही एक गोष्ट मी सांगितल्याखेरीज राहणार नाही. त्यांनी मोजलेले सातही प्रकार अत्याचाराचे किंवा घरातील संकटांचे होते: मुलाला होणारी मारहाण, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन, तुरुंगवास आणि असेच इतर. त्या यादीत शाळेतील अपमान नव्हता. जात तर नव्हतीच. तोच कागद जसाच्या तसा आपल्या वस्तीत आणला, तर दोष फक्त आपल्या घरात शोधला जाईल आणि शाळेकडे कोणी वळूनही पाहणार नाही. म्हणून मुलाला तपासणाऱ्याने "याचे काय बिघडले आहे?" असे विचारण्याऐवजी "याच्या बाबतीत काय घडले, आणि कोठे घडले?" असे विचारले पाहिजे.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली चूक मी आपणांपासून लपवीत नाही. सहावीतील एका मुलाला मध्यान्ह भोजनाच्या पंक्तीत जातीवरून सर्वांदेखत हिणविण्यात आले. मी मोठ्या हिरिरीने प्रकरण हाती घेतले. घडलेला प्रसंग मी त्याच्याकडून प्रथम माझ्या कार्यालयात वदवून घेतला. मग तो पोलीस ठाण्यात झाला, मग चौकशी अधिकाऱ्यांपुढे, आणि जबाबांत विसंगती राहू नये म्हणून मी त्याला पुन्हा माझ्यासमोर बसविले. पाचव्या वेळी तो काही बोलला नाही. फरशीकडे पाहत राहिला. त्याच्या आईने मला सांगितले, "साहेब, रात्रीचा ओरडून उठतो." मी म्हणालो, "ताई, निकाल लागू द्या, सर्व ठीक होईल." कागदपत्रे उत्तम तयार झाली. मुलाने शाळा सोडली.

अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ घातले गेले. पीडिताशी त्याचे वय, शिक्षणातील मागासलेपण आणि गरिबी लक्षात घेऊन सन्मानाने वागावे, असे ते सांगते. कार्यवाहीचे चित्रण करण्याची तरतूद त्यातच आहे, आणि सामाजिक कार्यकर्त्याचे साहाय्य घेण्याचा हक्कही त्यातच आहे. हे कलम मी जामिनाला विरोध करताना अनेकदा वाचून दाखविले होते. माझ्यासमोर बसलेल्या मुलासाठी ते कधी उघडले नाही.

येथे एक शंका दूर करतो, कारण ती दर सभेत विचारली जाते. धम्म स्वीकारल्याने या कायद्याचे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून बौद्ध झालेली माणसे अनुसूचित जातीतच गणली जातात.

आता शाळा आणि दवाखाना यांच्याकडे वळू. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ मुलाला मारण्यास जसे मना करते, तसेच त्याच्या मानसिक छळासही मना करते. आपल्यातील फार थोड्या पालकांना यातील दुसरा भाग ठाऊक आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. पट त्याहून लहान असेल, तर बाहेरच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. दलित, आदिवासी व अन्य वंचित मुलांशी भेदभाव न करता कसे वागावे, याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, हेही त्यात आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा पट शंभराच्या आत असतो. त्यामुळे "आमच्याकडे समुपदेशकाचे पद मंजूर नाही" हे मुख्याध्यापकांचे उत्तर आता पुरेसे नाही. तज्ज्ञ शाळेत नसेल तर तो कोठे आहे आणि मूल त्याच्याकडे कोण नेणार, हे त्यांनी लेखी सांगितले पाहिजे.

आणि तज्ज्ञापर्यंतची वाट पुष्कळ ठिकाणी आधीच पडलेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक २०१३ पासून शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. दात पाहते, डोळे पाहते, वजन घेते. मूल बोलत का नाही, हा प्रश्नही त्याच दिवशी, पण दाराआड विचारता येईल. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत जी दालने आहेत, त्यांना महाराष्ट्रात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. आपल्या धम्मातील शब्द सरकारी पाटीवर लागला आहे, आणि आपलीच मुले त्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. वस्तीत आशाताई आहेत. शाळेत आरोग्यदूत म्हणून दोन शिक्षक तयार करण्याची योजना २०२० पासून आहे. उणीव आहे ती एवढीच की हे लोक एकमेकांशी बोलत नाहीत.

परंतु ते बोलू लागले, तरी आपण सावध राहिले पाहिजे. माझ्या पाहण्यात असे प्रसंग आले आहेत की, तक्रार गेली की शाळा समुपदेशक पुढे करते, मूल "हळव्या मनाचे" ठरते आणि तक्रार दप्तरात पडते. ज्याने दगड मारला त्याला मोकळे सोडून ज्याला लागला त्यालाच सहनशीलता शिकवावयाची, हा उपचार नव्हे. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यातील कलम ३ अन्वये कोणाचे सामाजिक स्थान पाहून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही. कलम १८ अन्वये जात वा धर्म यावरून भेद न होता सरकारी उपचार मिळणे हा हक्क आहे, आणि सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्यावर कलम २३ ने बंधनकारक आहे. म्हणून तक्रार आणि उपचार दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत. एकासाठी दुसरे सोडून द्या असे कोणी सांगितले, तर तो सल्ला मानू नका, मग सांगणारा वकील का असेना.

घरातील एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो. मूल रात्री ओरडू लागले की आजही आपल्यातील काही जण त्याला भगताकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेऊन आल्यावरही नेतात. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारझोड करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण मी त्या मायबापांना गुन्हेगार म्हणणार नाही. दवाखान्यात "याला काय झालंय, नाटक करतोय" असे ऐकून ते परत आलेले असतात. पटाचारेची कथा आपण विहारात ऐकली आहे. पती, मुले, आईवडील सारे गमावून ती वेडीपिशी होऊन फिरत होती. लोक तिला हाकलीत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, आणि कोणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. धम्माचा उपदेश त्यानंतर झाला.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, त्यांत निम्म्या स्त्रिया, आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. येत्या बैठकीत आपल्या वस्तीतील एका तरी आईने उठून दोन प्रश्न विचारावेत: शिष्यवृत्तीची नावे वर्गात पुकारणे कधी बंद होणार, आणि या शाळेचे मूल कोणत्या दवाखान्याशी जोडलेले आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. उत्तर न मिळाल्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा, आणि त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे दाद मागता येते. आजच रात्री कोणाचे मूल घाबरे झाले, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते.

अर्जाचे नमुने मी विहारातील कपाटात ठेवले आहेत. रविवारी वंदनेनंतर मी तेथे बसेन. मुलाला बरोबर आणलेत तर त्याला बाहेर खेळू द्या. बोलणे आपण दोघे करू.

जयभीम.