खऱ्या मँचेस्टरमधले तीन दिवस
(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या भिवंडीला भारताचे मँचेस्टर म्हणतात. अहमदाबादकर आणि इचलकरंजीकरही आपापल्या गावाला तसेच काहीसे म्हणतात, ते सोडून द्या. खरे मँचेस्टर पाहण्याचा योग मला गेल्या उन्हाळ्यात आला. धाकटी लेक लीड्सला असते. तिला म्हटले, लंडन नंतर, आधी तीन दिवस मँचेस्टर. आमच्या सौ. म्हणाल्या, "जन्मभर लूमचा खडखडाट ऐकलात, तिकडे जाऊनही तोच ऐकायचा?" पण डब्यात थेपले भरून त्याही निघाल्या.

पहिला दिवस शहरात. जुन्या लाल विटांच्या गिरण्या उभ्या आहेत, पण कितीतरी गिरण्यांमध्ये आता फ्लॅट आणि ऑफिसे झाली आहेत. विज्ञान आणि उद्योगाचे मोठे संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. ते ज्या जागेत आहे ते लिव्हरपूल रोड स्टेशन 1830 साली सुरू झाले. लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस आगगाडीने मँचेस्टरला यायचा. त्यानंतर 23 वर्षांनी, 1853 मध्ये, बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला गाडी आली. म्हणजे आपण फार मागे नव्हतो हो!

दुसऱ्या दिवशी शहराबाहेर स्टायल गावी क्वॉरी बँक मिल पाहिली. सॅम्युअल ग्रेग या व्यापाऱ्याने ती 1784 मध्ये बोलिन नदीच्या काठी उभारली. आत भलेमोठे लोखंडी पाणचक्र फिरते. जुने लूम प्रत्यक्ष चालवून दाखवतात. दोन-तीनच लूम चालू केले आणि जवळच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. तिथली बाई म्हणाली, पूर्वी शेड भरून लूम चालायचे, तेव्हा कामगार ओठांच्या हालचालींवरून बोलायचे. लँकेशायरमध्ये त्या बोलण्याला वेगळे नावच होते. कित्येकांना म्हातारपणी ऐकू येत नसे.

हे ऐकले आणि मला आपले लूमवाले आठवले. बँकेत मी त्यांची शेकडो कर्जप्रकरणे हाताळली. फाइलमध्ये लूमची संख्या, मोटरची हॉर्सपॉवर, यार्नचा साठा, तारण, सगळे असायचे. कामगाराच्या कानांसाठी त्या फॉर्मात रकाना नव्हता.

मिलच्या शेजारी लहान कामगारांचे घर जपून ठेवले आहे. अनाथ, गरीब मुलांना तिथे ठेवून दिवसाला बारा-बारा तास काम करून घेत. ग्रेग घराण्याचे वेस्ट इंडीजमध्ये गुलामांकडून राबवलेले मळेही होते. हे सगळे त्यांनी तिथे स्पष्ट लिहून ठेवले आहे, लपवलेले नाही. 1939 मध्ये त्याच घराण्यातल्या वारसाने मिल नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली, म्हणून ती आज आपल्याला दिसते.

तिसरा दिवस डोंगरात. मँचेस्टरहून लोकल गाडीने पाऊण तासात एडेल नावाचे खेडे येते. दगडी कुंपणे, मेंढ्या, शेतातून जाणाऱ्या पायवाटा. कोणीही चालावे, कोणी हटकत नाही. पण हे आपोआप झालेले नाही. पूर्वी तो डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होता. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे शेकडो तरुण कामगार मुद्दाम त्यावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1951 मध्ये तिथेच ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. आठवडाभर धुरात काम करणाऱ्याला रविवारी मोकळी हवा हवी, एवढीच त्यांची मागणी होती.

आणखी एक. आपल्या विदेशी कापडावरील बहिष्काराची झळ लँकेशायरला लागली होती. तरी सप्टेंबर 1931 मध्ये गांधीजी डार्वेनला गेले, तेव्हा गिरणीतल्या बायकांनी त्यांचा जयजयकार केला. तो फोटो प्रसिद्ध आहे. पोट मारले जात असताना समोरच्याची गरिबी समजून घेणे सोपे नसते.

आता आपल्याकडे या. 18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि भिवंडीचे लूम रात्रंदिवस धावू लागले. आज आपल्या भोवतालचे कितीतरी कारखाने बंद झाले, तिथे गोदामे आली. पूर्वी गॅलरीत उभे राहिले की खडखड ऐकू यायची. आता सकाळी पाखरे ऐकू येतात. बरे वाटते, पण त्या आवाजावर हजारो चुली पेटत होत्या, उत्तर प्रदेशापासून तेलंगणापर्यंत मनीऑर्डरी जात होत्या. हे आपल्या नातवंडांना कोण सांगणार? गोऱ्यांनी आपली मिल जपली, चांगल्यासकट वाईटही जपले. आपण निदान आठवणी तरी जपू.

म्हणून दोन विनंत्या. आपल्याच इमारतींत जुने जॉबर, सायजिंगवाले, कांड्या भरणाऱ्या मावश्या आहेत. मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीत मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. जरा मोठ्याने प्रश्न विचारा, कारण त्यांना कमी ऐकू येते, आणि का ते आता तुम्हाला माहीत आहे.

दुसरी विनंती कमिटीला. निवृत्तीच्या दिवशी एका खातेदाराने मला लाकडी धोटा दिला होता. तो मी सोबत आणला आहे. सोसायटीच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ट्रॉफ्यांच्या शेजारी त्याला जागा द्यावी.