उत्तर कोणाला द्यावं, कोणाला नाही
(हैदराबाद येथील मराठी लेखक-वाचक मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



1931 साली याच शहरात मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी ज्ञानकोशकार केतकर होते. त्या नगरीत अध्यक्ष म्हणून बोलायला बोलावलंत, याबद्दल मनापासून आभार. आज मी आपल्या रोजच्या व्यवहारातला एक प्रश्न घेतो आहे. वाचकाच्या कुठल्या पत्राला लेखकानं उत्तर देऊ नये?

पूर्वी पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर यायचं आणि फिरत फिरत लेखकाच्या हाती पडायचं. आता कथा छापून आली की त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येतात. तुम्ही ते वाचल्याची निळी खूणही समोरच्याला दिसते. सगळ्यांना उत्तरं देत बसलं तर लिहायचं कधी, ही तक्रार खरी आहे. पण निकष आपल्या सवडीचा नसावा. आपण गप्प राहिलो तर त्या माणसाचं काय अडेल, हे आधी पाहावं.

र. धों. कर्वे यांनी 1927 साली लैंगिक आरोग्यावरचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. जे घरात कोणाला विचारता येत नव्हतं आणि डॉक्टरांपुढेही तोंडातून निघत नव्हतं, ते वाचक त्यांना विचारत. कर्वे स्पष्ट उत्तर देत आणि ते मासिकात छापत. म्हणजे एकानं विचारलेलं शंभर जणांच्या उपयोगी पडे. या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. तरी मासिक बंद पडलं नाही. 1953 साली कर्वे गेले, तोवर ते चालू होतं. गप्प बसायला याहून सबळ कारण कुठल्या लेखकाला मिळणार? पण कर्व्यांनी ज्या विषयाचा अभ्यास केला होता, त्याच विषयावर ते बोलत होते, हेही विसरू नका. आपल्या कथेत एखादी नायिका घर सोडते, एवढ्यावर एखादी वाचक विचारते, ‘मीही सोडू का?’ तिथे सल्ला देण्याचा आपल्याला अधिकार नाही. ‘तुमचं पत्र नीट वाचलं, हे अमुक जाणकाराला विचारा,’ एवढं मात्र जरूर कळवावं. आणि जीव नकोसा झाल्याचा सूर असेल, तर ते पत्र तासभरही बाजूला ठेवू नये. आपल्या शब्दांत धीर द्यावा, ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक द्यावा, जवळच्या माणसाला गाठायला सांगावं.

शिवीगाळीला, जात काढणाऱ्याला उत्तर देऊ नये. धमकी असेल तर ती पोलिसांना दाखवावी. ‘शेवटी ती परत आली का हो?’ या प्रश्नालाही मी उत्तर देऊ नये म्हणेन. विचारणारा प्रेमानं विचारतो, हे मला माहीत आहे. पण लेखकानं एकदा सांगितलं की दुसऱ्या वाचकानं मनाशी लावलेला शेवट खोटा ठरतो. चूक दाखवणाऱ्या पत्राचं तसं नाही. साल चुकलं, गावाचं नाव चुकलं, तर लगेच कबूल करावं आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापायला लावावी.

आता आपल्या शहराचं. काचीगुड्यातली किंवा जामबागेतली एखादी मुलगी डोळ्यांपुढे आणा. शाळा इंग्रजीतून, बाहेर तेलुगू आणि दखनी, मराठी फक्त आजीशी. ती रोमन अक्षरांत मराठी संदेश लिहिते, मध्येच ‘परेशान’ येतं, क्रियापदाचं लिंग चुकतं, आणि शेवटी माफी मागते: मराठी नीट येत नाही. त्यात प्रश्न एकही नसतो. पुण्यामुंबईच्या लेखकाला असा संदेश रोजच्या ढिगातला वाटेल. आपल्याला तसं वाटून चालणार नाही. 1956 साली मराठवाडा वेगळा झाला आणि मराठीचा मोठा मुलूख या शहरापासून तुटला. त्यानंतरही इथे मराठी वाचणारं माणूस आपणहून लिहितं, तेव्हा त्याला देवनागरीत, त्याची एकही चूक न काढता दोन ओळी लिहाव्यात. पुढे काय वाचावं तेही सुचवावं.

‘पंचधारा’सारखं त्रैमासिक या शहरातून निघतं. अशा अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: वाचकांची पत्रं जागा उरली तर छापायची, असं करू नका; त्यांची पानं आधी राखून ठेवा. आणि इथे बसलेल्या लेखकांनो, आज घरी गेल्यावर फोनमधले जुने संदेश उघडा. असं पहिलंच पत्र लिहिणारं कोणी त्यात राहून गेलं असेल, तर उशिरा का होईना, त्याला उत्तर लिहा.