आसारीपासून पतंगगाडीपर्यंत



मी मूळची येवल्याची. आमच्याकडे संक्रांत तीन दिवसांची. भोगी, संक्रांत आणि कर, असे तीनही दिवस सगळं गाव गच्चीवर असतं, हलकडी वाजत असते आणि दुपारपर्यंत मान वर करून करून दुखायला लागते. आमच्या घरी पतंग दादा उडवायचा आणि आसारी मी धरायचे. आसारी म्हणजे बांबूची मोठी फिरकी. तुमच्याकडे तिला चक्री म्हणत असतील. दादा आभाळाकडे बघत ओरडायचा, “सोड, सोड!” की मी आसारी मोकळी करायची. “गुंडाळ!” म्हणाला की भराभर गुंडाळायची. बारा-तेरा संक्रांती मी हेच केलं. पतंगाची दोरी माझ्या हातात कधी आलीच नाही. ती आली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, डेन्मार्कच्या एका किनाऱ्यावर, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला होता तो पतंग मला उभ्या जागेवरून ओढून नेऊ शकत होता.

आज मी ज्या खेळाबद्दल बोलणार आहे त्याला इंग्रजीत काइट बग्गी म्हणतात. मी आपली पतंगगाडी म्हणते. तीन चाकांची, जमिनीला टेकलेली वाटावी इतकी बुटकी गाडी. इंजिन नाही, पॅडल नाही, शीड नाही आणि ब्रेकही नाही. तुम्ही त्यात पाय पुढे पसरून बसता, दोन्ही हातांत पतंगाच्या मुठी असतात आणि पतंग गाडी ओढतो. पुढचं चाक पायांनी वळवायचं. उजवा पाय पुढे रेटला की चाक डावीकडे वळतं, डावा रेटला की उजवीकडे. सायकलचं हँडल हातांऐवजी पायांत आलं असं समजा.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांनी 1826 साली दोन पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं आणि तिला ‘शारव्होलांट’ असं नाव दिलं. त्या काळी रस्त्यावरचा कर गाडीला घोडे किती यावर असे. या गाडीला घोडाच नाही, मग कर कशावर घ्यायचा, असा पेच नाकेदारांना पडायचा म्हणतात. या मास्तरांनी आपल्या मार्था नावाच्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने आभाळात चढवलं होतं. ही मार्था पुढे आई झाली डब्ल्यू. जी. ग्रेस यांची. हो, क्रिकेटमधले ते लांब दाढीवाले ग्रेसच! पतंग आणि क्रिकेट ही आपल्या पोरांची दोन वेडं एकाच घरात सापडतात याचं मला फार अप्रूप आहे.

पोकॉक यांची गाडी मागे पडली. आज दिसते ती पतंगगाडी 1990च्या आसपास न्यूझीलंडमध्ये घडली. अ‍ॅशबर्टन गावच्या पीटर लिन या पतंग बनवणाऱ्या कारागिराने ती बुटकी केली, पायांनी वळणारी केली आणि कुणालाही परवडेल इतकी साधी केली. तिची चाकंही खास बनवलेली नसतात. बांधकामावर विटा-माल वाहायला जी ढकलगाडी असते ना, तिच्या मापाचं जाड टायरचं चाक. गाडीत गूढ काही नाही. जे शिकायचं ते सगळं पतंगात आहे.

छत्तिसाव्या वर्षी मी नोकरीनिमित्त हॅम्बुर्गला होते. तिथून गाडीने तीनेक तासांवर डेन्मार्कचं रोमो नावाचं बेट आहे. समुद्रात भराव घालून केलेल्या रस्त्याने थेट बेटावर जाता येतं. त्याच्या दक्षिणेला इतका रुंद किनारा आहे की ओहोटीला पाणी नुसतं चकाकताना दिसतं, लाट दिसत नाही. वाळू ओली, दाबून बसलेली, मोटारी सहज चालतात अशी. तिथे मला शिकवायला एक निवृत्त गृहस्थ भेटले. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “गाडीत कधी बसायचं?” ते म्हणाले, “परवा. आधी दोन दिवस उभ्याने.”

हा सल्ला मी आज तुम्हाला तसाच्या तसा देते. नवशिके घाई करतात ती इथेच.

आता हा पतंग कसा असतो ते सांगते. त्याला काड्या नसतात. कापडाच्या दोन थरांमध्ये कप्पे शिवलेले असतात, पुढची कड उघडी असते आणि त्या तोंडांतून वारा भरला की तो उशीसारखा फुगतो. वीस-पंचवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या असतात. वरच्या दोन ओढीच्या, खालच्या दोन लगामाच्या. प्रत्येक हातात एक मूठ, मुठीच्या वरच्या टोकाला ओढीची दोरी, खालच्या टोकाला लगामाची. डावी मूठ ओढली की पतंग डावीकडे वळतो. दोन्ही मुठींची खालची टोकं आपल्याकडे ओढली की तो मागे बसतो.

पतंग मांडताना पाठ वाऱ्याकडे करून उभं राहायचं. पतंग समोर उताणा पसरायचा, त्याची मागची कड आपल्याकडे, आणि त्या कडेवर ओंजळ ओंजळ वाळू टाकायची, म्हणजे वारा खालून शिरत नाही. काका ही वाळू इतक्या प्रेमाने टाकायचे की मला अंगणात रांगोळी घालणारी आजी आठवायची. मग दोऱ्या उलगडत मागे यायचं, एकेक दोरी बोटांमधून सोडत पीळ काढायचा. ओढीच्या दोऱ्या हलकेच ताणल्या की पुढची कड उठते, वाळू घसरते, कप्पे फटाफट फुगतात आणि पतंग सरळ डोक्यावर जातो.

डोक्यावर गेलेला पतंग शांत असतो. आपल्यासमोर घड्याळाची वरची अर्धी तबकडी उभी आहे अशी कल्पना करा. डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. पतंग या कडेवर कुठेही असला तरी ओढ बेताची. पण तो कड सोडून मधोमध, तुमच्या नाकासमोर आला की सगळा वारा त्याच्या पोटात भरतो आणि तो तुम्हाला खेचतो. पहिले दोन दिवस शिकायचं ते एवढंच, की पतंग आत्ता घड्याळात कुठे आहे हे त्याच्याकडे न बघता हातांना कळलं पाहिजे.

आणि दुसरं एक. त्यासाठीच खरं तर मी आज बोलायला आले.

मुठींना मनगटपट्टे असतात. त्यांची दोरी लगामाला जोडलेली असते. हातातून मुठी सुटल्या की लगाम आपोआप ताणला जातो, पतंगातली हवा जाते आणि तो ओल्या रुमालासारखा खाली पडतो. म्हणजे अडचणीत करायचं काय, तर काही नाही. फक्त सोडायचं. काकांनी मला हे वीस वेळा करून घेतलं. पतंग डोक्यावर, ते मागून टाळी वाजवणार आणि मी मुठी सोडणार. वीसच्या वीस वेळा मी सोडल्या.

एकविसाव्या वेळी टाळी नव्हती, वाऱ्याचा झोत होता. पतंग बारावरून घसरून मधोमध आला. मी सोडलं का? नाही. मी घट्ट धरलं. पाच-सहा पावलं पळाले, मग पाय उचलले गेले आणि छातीवर पडून वाळूवरून घासत गेले. कोपरं सोलली, तोंडात वाळू, हातात मुठी तशाच. आयुष्यभर “सोड, सोड” ऐकून आसारी सोडणारी मी, दोरी माझ्या स्वतःच्या हातात आल्यावर मात्र सोडू शकले नाही. पतंग हातचा जाऊ द्यायचा नाही हे आपल्या हाडात किती खोल असतं ते मला तिथे कळलं. काकांनी उठवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “आता पुन्हा वीस वेळा. पण आता मी टाळी वाजवणार नाही.” मग ते मागून अचानक माझ्या खांद्याला धक्का द्यायचे. तोल जाताना मूठ सोडणं हे वेगळंच शिक्षण आहे. ते झाल्याशिवाय कुणीही गाडीत बसू नये. कमरेला पट्टा बांधून त्यात पतंग अडकवतात तो प्रकार तर पहिल्या वर्षी नकोच.

वारा किती असावा? ताशी बारा ते वीस किलोमीटर, आणि एकसारखा. इथे एक हिशोब ध्यानात ठेवा. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. पंधराच्या वाऱ्यात जो पतंग लाडात येतो, तोच तिसाच्या वाऱ्यात तुम्हाला फेकून देईल. म्हणून पतंग लहान घ्या, दोन-तीन चौरस मीटरचा. झाडं, इमारती, टेकाड यांच्या आडोशाला उभे राहू नका. तिथला वारा फुटलेला असतो, कधी गुदमरतो, कधी उसळतो. विजेच्या तारा जवळ असतील, आभाळात गडगडत असेल, तर पिशवी उघडूच नका. दोरी डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याची असते. तिला काच लावलेली नसते, पण ताणलेली असताना ती सुरीसारखी कापते. नायलॉन मांज्याने माणसांचे गळे कापलेले आपण दर जानेवारीत वाचतो. म्हणून दोरी कधी हाताने धरायची नाही आणि दोरीपुढून कुणाला जाऊ द्यायचं नाही. डोक्यावर हेल्मेट, आणि सोबत एक तरी माणूस.

तिसऱ्या दिवशी मी गाडीत बसले. गाडी वाऱ्याला आडवी लावली, पतंग बारावर. मग त्याला हळूच दोनच्या दिशेने खाली आणला. आधी काहीच झालं नाही. मग वाळूतून खरखर असा आवाज आला आणि जमीन मागे सरकायला लागली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. इंजिन नसल्यामुळे बाकी सगळं ऐकू येतं हो! टायरखालची शिंपली फुटताना, दोऱ्या वाऱ्यात गुणगुणताना, आपला श्वास.

वारा हलका असेल तर पतंग वर-खाली, आडव्या आठच्या आकड्यात फिरवत राहायचा, ओढ मिळत राहते. थांबायचं असेल तर पतंग पुन्हा बारावर न्यायचा आणि गाडीचं तोंड वाऱ्याकडे वळवायचं, वेग मरतो. वळताना आधी पतंग वळवायचा, मग चाक. मी पहिल्यांदा उलटं केलं. दोऱ्या सैल पडल्या, पतंग कोसळला आणि एक दोरी आसाला गुंडाळली. ती सोडवण्यात माझा अर्धा तास गेला.

लोक विचारतात, वारा एका दिशेला ओढतो, मग निघालो तिथे परत कसं येता? चिंचोका बोटांच्या चिमटीत दाबला की तो आडवा सटकतो ना, तसंच हे. एका बाजूने पतंग ओढतो, दुसऱ्या बाजूने चाकं वाळू धरून ठेवतात आणि त्या दोघांच्या चिमटीतून गाडी पुढे सटकते. म्हणून आडवं जाता येतं, आडवं परत येता येतं, थोडं वाऱ्याच्या विरुद्धही चढता येतं. वेग वाढला की गंमत होते. मोटरसायकल पळायला लागली की बाजूचा वारा समोरून लागायला लागतो, तसा इथेही वारा पुढे सरकतो आणि जोरकस होतो. त्यामुळे गाडी वाऱ्यापेक्षाही जोरात पळते. अमेरिकेत नेवाडा आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर इव्हानपा नावाचं कोरडं, सपाट सरोवर आहे. तिथे अशा गाड्या ताशी 130 किलोमीटरच्या वर गेल्या आहेत. मला तिथे जायचं आहे. तितक्या वेगाने नाही, पण जायचं आहे.

आपल्याकडे हे होईल का? मला वाटतं होईल. गुहागरसारखा लांब किनारा ओहोटीला चांगला टणक होतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्या वेळी पतंग काढू नका. दुपारचा खारा वारा समुद्रावरून येतो, तो नवशिक्याला सांभाळून घेणारा. पण किनारा आपल्या एकट्याचा नाही. तिथे होड्या लागतात, जाळी वाळत असतात, पोरं खेळतात. काही किनाऱ्यांवर नोव्हेंबरनंतर कासवं अंडी घालतात. म्हणून आधी गावात विचारा, भरतीच्या खुणेच्या वर गाडी नेऊ नका, आणि दोन दिवस उभ्याने.

गेल्या संक्रांतीला मी माझा छोटा पतंग येवल्याला नेला. कर संपल्यावर दुसऱ्या दिवशी दादाला घेऊन गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेले. मुठी त्याच्या हातात दिल्या, मनगटपट्टे बांधले आणि मागे उभी राहिले. पन्नाशीचा माणूस, पण पतंग डोक्यावर गेला तसा चेहरा बारा वर्षांचा झाला. मग वाऱ्याचा एक झोत आला, पतंग खाली आला आणि दादा पळायला लागला. मी ओरडले, “सोड, दादा, सोड!”

त्याने चार पावलं उशिरा सोडलं. पतंग शेजारच्या कांद्याच्या वाफ्यात जाऊन पडला. दादा गेला, वाफा न तुडवता कडेकडेने, आणि पतंग उचलून आणला. मला वाटलं, विचारेल की गाडी कुठे आहे. तो मातीत मांडी घालून बसला, पतंग उलटा मांडीवर घेतला आणि म्हणाला, “आपल्या पतंगाला कन्नी दोन ठिकाणी असते. याला किती ठिकाणी आहे गं?”

आम्ही मोजायला लागलो. कन्नीच्या एका रांगेचे टाके मोजून झाले, दुसरी रांग धरली, तेवढ्यात अंधार पडला.