वीस मिनिटांचा बाप

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दिवसभर आपण आकडे मांडले. रात्री जेवताना दोघा-तिघांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "साहेब, उद्या सकाळी तरी आकडे नकोत, डोळे मिटतात." राहुरीला चार वर्षं शेती शिकलेल्या माणसाला आकड्यांशिवाय बोला म्हणणं म्हणजे बैलांशिवाय औत हाक म्हणण्यासारखं आहे. तरी बघतो. काल कुणीतरी असंही म्हणालं की आपल्या पट्टीतलं निम्मं ट्रकवालेच खाऊन जातात. तेव्हा मी गप्प बसलो, कारण माझा बाप ट्रकवाला. आज त्याच्याविषयीच बोलतो.

चांदवडच्या पुढे आग्रा रोडला लागून आमचं गाव. चार एकर जमीन, त्यातल्या एकरभराला पाणी, आणि भाऊ दोन. मोठे नाना शेतीत राहिले. धाकटे आप्पा, म्हणजे माझे वडील, १९८३ साली स्टेअरिंगवर बसले ते २००९ साली उतरले. गाडी त्यांची नव्हती, मालकाची होती. आप्पांना पगार, भत्ता आणि कंबरदुखी.

कांदा भरायचा आणि आग्रा, दिल्ली गाठायची. खेप पुरी करून आले की कधी एक रात्र घरी, बहुतेक वेळा तीही नाही. वाशीला माल खाली करून परत उत्तरेकडे निघाले, की आमच्या फाट्यावर गाडी वीस मिनिटं थांबायची. घाटाच्या उतारावर दोन लांब आणि एक तोकडा हॉर्न वाजला की आई पिठात हात घालायची. फाट्यावर पोचेपर्यंत तीन भाकरी होत. पुढे दुसऱ्या एका ड्रायव्हरनं तसाच हॉर्न वाजवायला सुरुवात केली, आणि वर्षभर आमच्या घरी फुकटच्या भाकरी झाल्या. आईनं अखेर आप्पांना हॉर्न बदलायला लावला.

त्या वीस मिनिटांत सगळा संसार उरकायचा. आप्पा हातातल्या लोखंडी गजानं टायर ठोकत गाडीभोवती फिरत, आई मागून घरचं सांगत फिरे, आणि तिच्यामागे प्रगतिपुस्तक घेऊन मी. गणितात किती, असं विचारायचे आणि टायरवर ठोका मारायचे. बद्द आवाज आला की मला कळायचं नाही, हवा टायरची कमी आहे की माझी. सही स्टेअरिंगवर ठेवून करायचे. आमच्या गुरुजींनी एकदा विचारलं होतं, "तुझ्या वडिलांना सही येते, मग शेजारी ग्रीसचा अंगठा कशाला?"

भूगोल मात्र मला त्यांनीच शिकवला. सेंधवा, इंदूर, शिवपुरी, ग्वाल्हेर, मोरेना, मग चंबळ, मग धौलपूर. वर्गात चंबळ नदी विचारली तेव्हा मी सांगितलं, मोरेन्याच्या पुढे लागते, रात्री तिथं गाडी थांबवायची नाही. गुरुजींनी पूर्ण गुण दिले.

दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर क्लीनर म्हणून दिल्लीला गेलो. खरं सांगतो, माझं शेतीचं पहिलं शिक्षण तिथं झालं. ताडपत्री गच्च बांधून मी रस्सा आवळला, तर आप्पांनी मागची बाजू सोडायला लावली. गोण्या रचतानाही मधे हवेला वाट ठेवली होती. म्हणाले, "कांदा जिवंत आहे, श्वास घेतो. तोंड दाबलं तर घामानं मरंल." पुढे राहुरीला हेच मला इंग्रजीत शिकवलं: काढणीनंतरही कांद्याचं श्वसन चालू असतं, त्यात साखर जळते, उष्णता आणि ओल बाहेर पडते, हवा खेळली नाही तर कोंब आणि सड धरते. मी पेपरात आप्पांचं उत्तर लिहिलं, फक्त घामाच्या जागी बाष्प घातलं.

आता पट्टीची गोष्ट.

१९९२ च्या जुलैत नानांच्या चाळीला गळती लागली. ओल लागलेला उन्हाळ कांदा ठेवून चालत नाही. सत्तर गोण्या घाईनं वाशीला पाठवल्या, आणि नेमकी गाडी आप्पांची आली. तिथं माल उघडला तर निम्मा डागी. पट्टीत हमाली, तोलाई, बारदान, भाडं, अडत. तेव्हा अडतही शेतकऱ्याच्याच पैशातून कापत. फळं-भाजीपाल्याची अडत खरेदीदारानं द्यायची, हा बदल व्हायला २०१६ साल उजाडलं. सगळी वजावट होऊन पट्टी उलटी आली, १४० रुपये कमी. आणि ते कमी पडले भाड्यात. गाडीमालक आप्पांना म्हणाला, गाव तुझंच आहे, वसूल करून आण.

म्हणजे भावाचा कांदा भावानं वाहून नेला आणि वर भावाकडेच पैसे मागायचे! आप्पांनी मागितले नाहीत, भत्त्यातून भरले. पण पट्टीवर बाकी लिहिलेली होती, ती नानांनी वाचली. नाना मानी माणूस. पुढच्या फेरीला मी डबा घेऊन फाट्यावर निघालो तेव्हा त्यांनी भाकरीखाली १४० रुपये ठेवले आणि म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, भाडं बुडवणारा मी नव्हे." आप्पांनी डबा रिकामा केला, पण परतीच्या फेरीला त्यात नोटा तशाच. "तुझ्या नानाला सांग, भाऊ काय भाड्याचा असतो का." भांडायलासुद्धा दोघांना वीस मिनिटंच मिळत, तीही माझ्यामार्फत. त्या नोटा तीन वेळा आग्रा बघून आल्या. चौथ्या वेळी आजीनं डब्याचं झाकण उघडलं, नोटा कनवटीला लावल्या आणि चांदवडला जाऊन माझी सातवीची पुस्तकं आणि गणवेश घेऊन आली. तर मित्रहो, माझी सातवी उलट्या पट्टीवर झालेली आहे.

हसू येतं खरं, पण तो प्रकार संपलेला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव, आणि सगळी वजावट होऊन हातात २ रुपयांचा चेक. वर्तमानपत्रात आलं, तुम्ही वाचलंच असेल. आमच्या घरी ती बातमी आली तेव्हा नाना काही बोलले नाहीत. आप्पांनी विचारलं, "गाडीवाल्याला भाडं मिळालं का?" मला राग आला. नंतर वाटलं, त्यांनी बरोबरच विचारलं. कारण पट्टीवरच्या भाड्याच्या ओळीत डिझेल, टोल, टायर, मालकाचा हप्ता, वाटेतली चिरीमिरी सगळं जातं, आणि तळाला जे उरतं ते ड्रायव्हरच्या घरी जातं. कांद्याच्या भावासारखंच, आधी सगळ्यांचं, मग याचं.

कायदा होता हो, २०२५ पर्यंत. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. आप्पांना वाचून दाखवला तर म्हणाले, "आठ कुठले, दिवसाचे का रात्रीचे?" १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी हवा, असा नियम २०२३ साली काढला गेला, तोही सांगितला. जरा वेळ विचार करून म्हणाले, "आणि कांद्याला?"

मी ठरवलं होतं की आपण असला बाप व्हायचं नाही. नोकरी सोडून चळवळीत आलो, आणि झालो काय? महिन्यातले वीस दिवस एसटीत. गेल्या डिसेंबरात मुलीचं शाळेत नाटक होतं, मुख्य काम तिचं. मी त्या संध्याकाळी एका गावात शेतकरी कुटुंबाची परवड या विषयावर दीड तास बोलत होतो. घरी गेलो तर आमच्या सौ. म्हणाल्या, "सासूबाईंना निदान हॉर्न तरी ऐकू यायचा. तुमचा तर फोनही लागत नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. मुलगी काही बोलली नाही, हे जास्त लागलं.

आप्पा आता घरी असतात. पहाटे तीनला उठतात आणि अंगणात जाऊन माझ्या मोटरसायकलची टायरं ठोकतात. सगळीकडे शांत असलं की त्यांना झोप येत नाही. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की घोरायला लागतात. धाकटा नातू सायकल शिकला तेव्हा मागून धावत कॅरियरवर दोनदा थाप मारत होते, "जाऊ दे, जाऊ दे!" नातीचं प्रगतिपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, अर्धा तास लावतात. मला त्या पोरीचा हेवा वाटतो. हे मी घरी बोललेलो नाही, तुमच्यासमोर बोलतोय.

काम सांगतो आणि बसतो. कालच्या ठरावांत एक जोडा. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक बाजार आवारात ड्रायव्हर-क्लीनरला पाठ टेकायला एक खोली, नळ आणि संडास मागायचा. बाजार समितीच्या निवडणुकीत मतं मागायला येतील त्यांना हे विचारायचं. आणि आपल्या हातातलं एक: गाडी सकाळी सातला बोलावली तर गोण्या सातला शिवलेल्या पाहिजेत. आपण दुपारी दोनपर्यंत गाडी खोळंबून ठेवतो आणि ते पाच-सात तास तो रात्री झोपेतून काढतो. त्या गाडीत आपलाच माल असतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, वेळ संपली म्हणून. वीस मिनिटं झाली असतील. साडेअकराच्या गाडीनं मी निघतोय. उद्या शाळेत पालकांची सभा आहे आणि या वेळी सही मी करणार, असं आप्पांना सांगून आलो आहे. ते म्हणाले, बघू, गाडी वेळेवर आली तर.