नवा भाडेकरू आणि मोबाईलवरचा खजिना
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बदलीवर आलेलं कुटुंब आपल्याकडे भाड्याने राहायला येतं आणि पहिल्याच आठवड्यात गोंधळतं. तालुका संगमेश्वर, पण तहसील कचेरी देवरुखला. स्टेशनच्या पाटीवर संगमेश्वर रोड. कर्णेश्वराचं देऊळ बघायचं तर कसब्यात जा. आपण म्हणतो, ‘दाखवू की एकदा!’ तो एकदा काही उजाडत नाही आणि पुढची बदली येते.

यावर एक खेळ सांगतो. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या माणसालाही नेमकी जागा कळू लागली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थाने पोर्टलंडजवळ रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधणाऱ्याने वहीत नोंद करायची, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. हेच जिओकॅशिंग. म्हणजे आपली सोसायटी आणि हा खेळ एकाच वयाचे!

२०१६ साली पोकेमॉन गो आला. त्यातले थांबे म्हणजे देवळं, पुतळे, जुन्या वास्तू. त्यातले बरेचसे इन्ग्रेस या आधीच्या खेळाच्या खेळाडूंनी सुचवलेले. साहजिकच जिथे खेळाडू दाट तिथे थांबे दाट, आणि खेडी रिकामी. यंत्राला गाव आपोआप कळत नाही, कोणीतरी सांगावं लागतं.

तर आपलं गाव आपणच सांगूया. साधे क्यूआर कोड छापायचे. एक शास्त्री-सोनवीच्या संगमाचा, एक कर्णेश्वराचा, एक १६८९ साली संभाजी महाराज पकडले गेले त्या प्रसंगाचा. देवळापाशी लावताना अर्थातच परवानगी घेऊन.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो बाजारपेठेतला. नद्या फुगल्या की तिथे पाणी शिरतं. नवा माणूस बिनधास्त गाडी लावून मोकळा होतो! या कोडवर प्रश्न असेल : ‘जुन्या दुकानदाराला विचारा, पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं होतं?’ उत्तर टाकलं की पुढचा थांबा उघडेल. ते उत्तर फोनमध्ये सापडणार नाही, दुकानदाराशी बोलावंच लागेल.

नदीकाठचे थांबे पावसाळ्यात बंद. कोड बनवायला कॉलेजातली मुलं तयार आहेत, प्रश्न मात्र ज्येष्ठांनी काढायचे. एक वही सचिवांकडे ठेवली आहे. जाताना प्रत्येकाने निदान एक तरी प्रश्न लिहून जावा.