काढलेले आणि ठेवलेले



घर, शेत, दागिने वारशाने मिळतात, तसा धर्मही आपल्याला वारशानेच मिळतो. फरक एवढाच की, घर-शेताचे कागद आपण एकदा तरी तपासून पाहतो. सातबाऱ्यावर नाव बरोबर लागले आहे का, हद्द कुठवर आहे, हे विचारतो. धर्माची अशी तपासणी म्हणजे बेइमानी, असे मात्र मनावर लहानपणीच ठसवलेले असते. आज मी अशा एका माणसाविषयी बोलणार आहे, ज्याने आपल्या वारशाचे कागद आयुष्यभर तपासले. तो ख्रिस्ती घरात वाढला आणि पुढे अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याचे नाव थॉमस जेफरसन. एका मुसलमान माणसाला त्याच्याविषयी का बोलावेसे वाटले, ते ओघात येईलच.

जेफरसनचा जन्म १७४३चा, व्हर्जिनियातला. तेव्हा ती इंग्रजांची वसाहत होती आणि चर्च ऑफ इंग्लंड हा तिथला राजमान्य पंथ होता. बाप्तिस्मा, प्रार्थना, रविवारची उपासना हे सारे त्याला जन्माबरोबरच मिळाले. त्याचे सुरुवातीचे शिक्षक पाद्री होते. पुढे विद्यार्थिदशेत युरोपातल्या बुद्धिवाद्यांची पुस्तके हाती पडली, तेव्हा त्याने त्यांतले उतारेच्या उतारे वहीत उतरवून काढले. १७६५ साली, कायद्याचा अभ्यास करत असताना, बावीस वर्षांच्या या तरुणाने आणखी एक ग्रंथ विकत घेतला. तो होता कुराणाचा जॉर्ज सेलने केलेला इंग्रजी अनुवाद.

१७८७ मध्ये तो पॅरिसमध्ये वकील म्हणून होता. तिथून त्याने आपल्या तरुण भाच्याला एक पत्र लिहिले. त्यातला सल्ला असा : बायबल वाच, पण रोमन इतिहासकारांचे ग्रंथ जसे पारखून वाचतोस तसे वाच. निसर्गनियमांविरुद्ध काही सांगितले असेल तर पुरावा किती भक्कम आहे ते बघ. ईश्वर आहे की नाही, हेही धीटपणे विचार. उत्तर काय येईल, या भीतीने चौकशी मध्येच सोडू नकोस. ईश्वर नाही असे ठरले, तरी सद्वर्तनाची कारणे शिल्लक राहतातच. मामाने भाच्याला लिहावे असे पत्र आजही किती घरांत चालेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

या विचारांची किंमत त्याला मोजावी लागली. १८००च्या निवडणुकीत विरोधकांनी त्याला नास्तिक ठरवून प्रचाराची राळ उडवली. तो निवडून आला, पण त्यानंतर धर्माविषयी जाहीर बोलणे त्याने टाळले. काम मात्र थांबवले नाही. १८०४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष असतानाच, रात्रीच्या निवांत वेळी त्याने नव्या करारातले येशूचे उपदेश कापून वेगळे काढले. ती वही आज उपलब्ध नाही. पुढे सत्त्याहत्तराव्या वर्षी, १८२० मध्ये, त्याने ते काम नव्याने आणि अधिक नेटकेपणाने पुरे केले.

त्याने नव्या कराराच्या सहा प्रती घेतल्या. धारदार पात्याने हवे ते उतारे कापले आणि कोऱ्या पानांवर चार रकान्यांत चिकटवले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी अशा चारही भाषांत तोच मजकूर शेजारी शेजारी. एकाच्या अनुवादावर विसंबायचे नाही, हा त्यामागचा हेतू. चौऱ्याऐंशी पानांचे हे पुस्तक त्याने तांबड्या चामड्यात बांधून घेतले. त्यात डोंगरावरचे प्रवचन आहे, दयाळू शोमरोनी आहे, उधळ्या पुत्राचा दाखला आहे. देवदूताने मरियेला दिलेली वार्ता नाही. पाण्यावरून चालणे नाही, पाच भाकरींत हजारोंचे जेवण नाही. शेवटी येशूला कबरेत ठेवतात, तोंडाशी धोंडा लोटतात आणि पुस्तक संपते. पुनरुत्थान नाही.

हे पुस्तक त्याने छापले नाही. पुढे १८९५ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने ते त्याच्या वंशजांकडून चारशे डॉलरना विकत घेतले आणि १९०४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या खर्चाने त्याच्या नऊ हजार प्रती निघाल्या.

आता माझा संबंध. जेफरसनचे पाते ख्रिस्ती ग्रंथावर चालले, पण ते माझ्या घरातूनही गेले. आम्ही ज्यांना हजरत ईसा म्हणतो, ते येशूच. आम्ही त्यांना ईश्वराचा पुत्र मानत नाही, पैगंबर मानतो. पण कुमारी मरियमच्या पोटी त्यांचा जन्म, पाळण्यातल्या बाळाने बोलणे, मातीच्या पाखरात फुंकर घालून त्याला उडवणे, हे सारे कुराणात आहे. मकतबात ते अरबीत पाठ केले, तेव्हा अर्थ कळत नव्हता. अर्थ अम्मीने सांगितला, घरच्या दखनीत. मराठीतून वाचला तो कॉलेजात गेल्यावर. एकच गोष्ट तीन भाषांत माझ्याकडे आली आणि प्रत्येक वेळी थोडी निराळी वाटली. म्हणून त्या चार रकान्यांची मला विशेष ओढ वाटते.

जेफरसनने ते मातीचे पाखरू नक्कीच कापून टाकले असते. मी ते कापणार नाही. असे पाखरू खरोखर उडाले का, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ पुराव्यानिशी नाही आणि तसा आव मी आणत नाही. पण कविता लिहिणाऱ्याला इतके कळते की, मातीत जीव येणे ही गोष्ट माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहतात, तेव्हा त्यात त्यांची कसली तरी मोठी आशा बोलत असते. जेफरसनने चमत्काराला साक्षीदारासारखे पिंजऱ्यात उभे केले आणि उलटतपासणी घेतली. वकिलाचे ते कामच. रूपकाची साक्ष मात्र अशी घेता येत नाही. एवढा माझा त्याच्याशी मतभेद आहे.

त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. काय काढले, याची चर्चा होत राहते. काय ठेवले, याकडे आपले लक्ष कमी जाते. दुसऱ्याने आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसे आपण त्याच्याशी वागावे, हे वचन त्याने जपून चिकटवले, चारही भाषांत. आणि ज्या मॉन्टिसेलोच्या घरात बसून चिकटवले, तिथली शेते, भटारखाना, सुतारकाम गुलामांच्या जिवावर चालत होते. हयातभरात सहाशेहून अधिक माणसे त्याच्या मालकीची होती. त्यांतल्या मोजक्याच जणांना त्याने मुक्त केले. १८२६ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी कर्जापायी सुमारे १३० स्त्री-पुरुष-मुले लिलावात विकली गेली. पश्चिम आफ्रिकेतून अमेरिकेत आणलेल्या अशा गुलामांत कित्येक मुसलमान होते. पुस्तकांच्या कपाटात कुराण ठेवणाऱ्या अमेरिकेला आपल्या शेतातला नमाजी दिसला नाही.

मग त्याची सारी तपासणी फुकट गेली का? मला तसे वाटत नाही. त्याने मसुदा केलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा व्हर्जिनियात १७८६ मध्ये मंजूर झाला. कुणालाही कुठल्या उपासनेची सक्ती नाही आणि धर्ममतांमुळे कुणाचे नागरी हक्क कमी होणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. त्यात येशू ख्रिस्ताचे नाव घालावे, अशी दुरुस्ती आली होती. ती मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. या कायद्याच्या छत्राखाली ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि काहीच न मानणारा असे सारे यावेत, हाच त्यामागचा अर्थ होता, अशी नोंद त्याने आत्मचरित्रात केली आहे. २००७ साली अमेरिकन काँग्रेसचे पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी शपथविधीच्या समारंभात हात ठेवला, तो जेफरसनच्याच त्या कुराणावर. ज्याने स्वतःच्या श्रद्धेला प्रश्न विचारले, त्याला दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी जागा ठेवावीशी वाटली. या दोन गोष्टींचे नाते मला महत्त्वाचे वाटते.

श्रोतेहो, तुम्ही कुठल्याही धर्माच्या घरात वाढला असाल. कधीतरी निवांत बसून आपला वारसा उलगडून पाहा. जे पटत नाही ते बाजूला ठेवलेत, तर त्यासाठी कुणाची माफी मागायला नको. पण शेवटी जे हातात उरेल, ते मात्र नीट वाचा. जे पटले नाही, त्याचे आपल्यावर काही ऋण नसते. जे पटले म्हणून ठेवून घेतले, ते उद्या सकाळी दाराशी येऊन हिशेब मागते. जेफरसनकडेही ते आले होते. दार पुरते उघडणे त्याला जमले नाही. आपल्याला जमते का, ते ज्याचे त्याने पाहायचे.