पशुवैद्याच्या शिक्षणात निवडीला वाव किती?

बालाघाट जिल्ह्यातील लालबर्रा हे शिवनीच्या वाटेवरचे तहसिलीचे गाव. मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी अशा निरनिराळ्या बोली ज्या मुलखात कानी पडतात, त्या धानाच्या मुलखातील हे ठिकाण. येथील शेतकऱ्याच्या घरी एकाच जातीचे जनावर क्वचितच आढळते. नांगराची बैलजोडी, दुभती म्हैस, दोनचार शेळ्या, अंगणातील कोंबड्या आणि दाराशी राखणीचा कुत्रा, असा हा सगळा संसार असतो. अशा ठिकाणच्या पशुवैद्याला सकाळी अडलेली गाय सोडवावी लागते, दुपारी शेळ्यांना लस टोचावी लागते आणि दिवेलागणीला फुगलेल्या बैलाच्या पोटातील वायू काढावा लागतो. 'हे जनावर माझ्या अभ्यासातले नव्हे' असे म्हणण्याची सोय त्याला नसते.

हे ध्यानात घेतले म्हणजे पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ऐच्छिक विषय इतके थोडे का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. कला शाखेचा विद्यार्थी इतिहास घेतो किंवा अर्थशास्त्र घेतो. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला तसे करता येत नाही. 1984 च्या कायद्यान्वये स्थापन झालेली भारतीय पशुवैद्यक परिषद पदवीच्या अभ्यासक्रमाचा किमान आराखडा साऱ्या देशासाठी ठरविते. तिच्या 2016 च्या नियमांप्रमाणे साडेचार वर्षांचे अध्ययन आणि त्यानंतर एक वर्षाची प्रत्यक्ष उमेदवारी अशी या शिक्षणाची मांडणी आहे. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, परजीवीशास्त्र, पशुपोषण, पैदास, शल्यचिकित्सा, प्रसूतिशास्त्र हे विषय प्रत्येकाला अनिवार्य आहेत. ज्याला केवळ कुत्र्यांचे अथवा केवळ वन्य प्राण्यांचे वैद्य व्हावयाचे आहे, त्याला आपली खरी आवड पुरविण्यासाठी बहुधा पदव्युत्तर शिक्षणापर्यंत थांबावे लागते.

या सक्तीमागे विचार आहे. पदवीधराची नोंदणी एकदा झाली की सर्व प्राण्यांवर उपचार करण्याचा अधिकार त्याला मिळतो. मग ज्ञानही सर्व प्राण्यांचे हवे. शिवाय साथ आली म्हणजे ती कोणाची आवडनिवड विचारीत नाही. ज्या बुळकांडीने एकेकाळी गावेच्या गावे बैलांवाचून ओस पाडली, ती 2011 साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. हा विजय थोड्या विशेषज्ञांच्या एकट्यांचा नव्हता. खेडोपाडी लस घेऊन फिरणाऱ्या, रोगाची लक्षणे अचूक ओळखणाऱ्या सामान्य पशुवैद्यांचाही तो होता. पाया सर्वांचा सारखा असल्यावाचून असे देशव्यापी काम उभे राहत नाही.

परंतु पाया सारखा असावा म्हणून वरची इमारतही सर्वत्र एकाच मापाची असावी, हे मात्र ओघाने येत नाही. लालबर्ऱ्याचाच मुलूख पाहावा. वर्धा व नागपूरपासून शिवनी-बालाघाटपर्यंत गवळाऊ गोवंशाचे क्षेत्र पसरलेले आहे. पांढऱ्या वर्णाचे, सडपातळ आणि चालीला चपळ असे हे जनावर. पैदाशीच्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा मिळते ती थोड्या ओळींची. त्याचे वळू कसे निवडावे, संकराच्या ओघात त्याचे शुद्ध कळप कसे राखावे, हे मात्र याच भागात राहून शिकावे लागते.

दुसरे उदाहरण जंगलाचे. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेला कान्हाचा प्रदेश मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेला आहे. अशा जंगलाच्या कडेला गावची गुरे आणि रानची जनावरे एकाच कुरणात चरतात, एकाच पाणवठ्यावर येतात. रोगही मग कुंपण मानीत नाहीत. 2018 साली गुजरातेत गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांपैकी अनेकांना श्वानज्वराच्या विषाणूची बाधा झाल्याचे आढळून आले. म्हणजे गावातल्या कुत्र्याला वेळेवर लस टोचणे हेही वन्यजीवरक्षणच ठरते. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विद्यापीठात वन्य प्राण्यांच्या आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि जंगलाकाठच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी जाऊन बसतो तो बहुधा नुसता पदवीधर.

नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे विद्यार्थी शिक्षणाच्या उत्तरार्धात घरगुती प्राणी, घोडे किंवा शेतावरील पशू यांपैकी एक दिशा पत्करतो. मात्र परवाना त्याला सर्व प्राण्यांचा मिळतो. ही रीत जशीच्या तशी येथे आणणे सोपे नाही. ऐच्छिक विषय कागदावर लिहिणे सोपे. तो शिकवावयाचा तर त्यातला जाणता शिक्षक हवा, आणि समोर हात लावून पाहावयास जनावर हवे. शहरातल्या महाविद्यालयाच्या दाराशी कुत्री-मांजरे पुष्कळ येतात. गवळाऊ वळू तेथे कोठून येणार? ही साधने नसतील तर निवड नावालाच उरते आणि ज्यात गुण सहज मिळतात असा विषय पाहून विद्यार्थी आपली निवड उरकतो.

म्हणून निवडीची जागा पायाच्या वर, शेवटच्या उमेदवारीच्या वर्षात अधिक मोकळी करावी, हे अधिक व्यवहार्य दिसते. सर्व विषयांची परीक्षा झालेली असते, आणि अनुभव घ्यावयाचाच असतो. त्यातील काही आठवडे कोणी गवळाऊच्या क्षेत्रात काढावेत, कोणी शेळीपालकांच्या पाड्यावर, कोणी जंगलाकाठच्या दवाखान्यात. तेथला अनुभवी पशुवैद्य हाच शिक्षक आणि गावचा गोठा हीच प्रयोगशाळा. नव्या इमारतीचा खर्च त्याला लागत नाही; मात्र केलेल्या कामाची नोंद व परीक्षण चोख असले पाहिजे.

विद्यार्थ्याची आवड ही लाडाची गोष्ट नव्हे. मन रमते तेथे माणूस टिकतो, आणि आडगावच्या दवाखान्याला टिकणाऱ्या माणसाचीच खरी गरज असते. अडलेल्या गाईपाशी कंदील धरून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला पशुवैद्याने कोणता ऐच्छिक विषय घेतला होता, याच्याशी कर्तव्य नाही. त्याला हवा आहे सगळ्या जनावरांची जाण असलेला आणि त्याच्या मुलखातल्या जनावरांची विशेष ओळख असलेला माणूस. असा पशुवैद्य घडविणे, हीच अभ्यासक्रमाची कसोटी होय.